सहलीची वही आणि घरातील माणसे



सुटीचे दिवस जवळ येऊ लागले की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. कोणी वेलांकणीस जावयाचे म्हणतो, कोणी जुन्या गोव्यास, तर कोणी मुलांना म्हैसूरचा राजवाडा दाखवावा म्हणतो. परंतु आपल्या बहुतेक घरांत प्रवासाची तयारी म्हणजे आदल्या रात्री पिशव्या भरणे, शिदोरी बांधणे आणि पहाटे 'अमुक कोठे ठेवले?' म्हणून एकमेकांवर खेकसणे, एवढीच असते. म्हणून कुटुंबाच्या सहलीची आखणी कशी करावी, या वरवर साध्या दिसणाऱ्या विषयावर आज लिहावयाचे योजिले आहे. मला स्वतःला हा धडा मिळाला तो एका फार दूरच्या सहलीवरून आणि आपल्याच भागातील एका वृद्ध मातेमुळे. तिच्या अनुमतीने, नाव न सांगता, ती हकीकत येथे देतो.

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एका रविवारी ही माउली कापडी पिशवीत काहीतरी जपून घेऊन माझ्याकडे आली. तिचा मुलगा अमेरिकेत अटलांटा शहरी नोकरीस आहे. नाताळाला तिने त्याच्याकडे जावयाचे होते आणि जानेवारीच्या अखेरीस साऱ्या कुटुंबाने फ्लोरिडातील 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' पाहावयास जावयाचे, असा बेत ठरला होता. मुलाच्या एका मित्राबरोबर एक जाडजूड, तारेने बांधलेले पुस्तक आले होते. ते माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "फादर, मुलगा म्हणतो, आई, यात सारे लिहिले आहे, एकदा नजरेखालून घाल. पण हे सारे इंग्रजीत. मला जरा समजावून सांगाल का?"

आता हे डिस्ने वर्ल्ड म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगावयास हवे. वॉल्ट डिस्ने हे नाव व्यंगचित्रपटांमुळे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. हा गृहस्थ सुटीच्या दिवशी आपल्या दोन लहान मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असे. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसून फिरत आणि बाप बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राही. मुले खेळतात आणि आईबाप नुसते बसून राहतात, असे का असावे? दोघांना मिळून आनंद घेता येईल असे स्थळ का असू नये? या विचारातून आपल्या उद्यानाची कल्पना सुचली, असे तो सांगत असे. त्याचे पहिले उद्यान 'डिस्नेलँड' कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले. डिस्ने १९६६ साली वारला. त्यानंतर त्याचा वडील बंधू रॉय याने फ्लोरिडातील ओरलँडो शहराजवळ हे दुसरे, पुष्कळच विस्तीर्ण स्थळ पुरे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते लोकांस खुले झाले. आज तेथे चार निरनिराळी उद्याने आहेत आणि एकेक उद्यान पाहावयास सबंध दिवस लागतो.

एवढ्या अवाढव्य ठिकाणी लहान मुले व म्हातारी माणसे घेऊन जावयाचे, तर आखणीवाचून भागत नाही. म्हणून या एका स्थळावर कित्येक मार्गदर्शक पुस्तके निघाली आहेत. माझ्यापुढे आलेले पुस्तक 'पासपोर्टर' या नावाचे होते. जेनिफर मार्क्स व डेव्ह मार्क्स यांनी तयार केलेल्या या पुस्तकाचा विशेष असा की, ते नुसते माहिती देत नाही, आखणीची वहीही तेच होते. आरंभी माहिती, मध्ये खर्च मांडावयाचे व याद्या लिहावयाचे तक्ते आणि शेवटी प्रवासाच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक कागदी पाकीट. पाकिटावर त्या दिवसाचा कार्यक्रम लिहावयाचा, आत तिकिटे, पावत्या, नकाशे ठेवावयाचे आणि घरी परतल्यावर त्याच पाकिटावर आठवणी नोंदवावयाच्या. अशी वही आपल्याकडे कोणी दहा रुपयांच्या कोऱ्या वहीत व टपालाच्या पाकिटांत सहज करू शकेल, हे मला पाहताक्षणीच वाटले.

मुलाने मिळविलेली प्रत जुनी होती आणि हा या पुस्तकांचा मोठा धोका आहे. त्या प्रतीत रांगेत उभे न राहता ठरावीक वेळी आत जाऊ देणारा 'फास्टपास' फुकट मिळतो, असे लिहिले होते. ती सोय १९९९ साली सुरू झाली होती खरी, परंतु २०२१ साली ती कायमची बंद झाली आणि तिच्या जागी पैसे मोजून घ्यावयाची व्यवस्था आली. मुलाने मात्र अशा जागा पेन्सिलीने खोडून नवी माहिती मोबाइलवर पाहून समासात लिहिली होती. जुन्या पुस्तकाची पद्धत घ्यावी, दर व वेळा मात्र नव्याने तपासाव्यात, हा नियम वेलांकणीच्या गाड्यांनाही तितकाच लागू आहे.

मी पाने उलटू लागलो आणि, खरे सांगतो, थक्क झालो. काय नव्हते त्यात! उद्यान उघडण्यापूर्वी अर्धा तास दारापाशी हजर राहावे, कारण पहिल्या तासाभरात जे पाहून होते त्यासाठी दुपारी तिप्पट वेळ रांगेत मोडतो. दुपारी मुले चिडचिडी होतात, तेव्हा मुक्कामी जाऊन विश्रांती घ्यावी व संध्याकाळी पुन्हा यावे. 'स्पेस माउंटन'सारख्या वेगवान गाडीत बसावयास मुलाची उंची ४४ इंच लागते, तेव्हा घरीच मोजून घ्यावी. नाहीतर दारावरून परत फिरावे लागते आणि रडारड होते. तीन वर्षांच्या आतील मुलास तिकीट नाही. त्यावरील प्रत्येकास मात्र एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरहून अधिक पडते. जानेवारीत दिवसा ऊन असले तरी रात्री गारठा पडतो, म्हणून गरम कपडा जवळ असावा. दिवसाकाठी कित्येक मैल चालणे होते, ज्यांना ते झेपत नसेल त्यांना दारापाशी चाकाची खुर्ची भाड्याने मिळते.

मी हे सारे त्या मावशीला अर्धा तास समजावून सांगत बसलो. तीही मान डोलवीत ऐकत होती. मग आम्ही शेवटच्या पाकिटांकडे आलो. मुलाने पाच दिवसांची पाच पाकिटे तासातासाने भरली होती. मोठ्या नातवाने कशात बसावयाचे, सुनेला काय पाहावयाचे आहे, स्वतःला कोठे छायाचित्रे काढावयाची आहेत, सारे तपशीलवार. आणि प्रत्येक पाकिटावर दोन-तीन ठिकाणी एकच वाक्य होते: 'आई धाकट्याजवळ थांबेल.'

मी ते वाचून दाखविले. मावशी हसून म्हणाली, "बरोबरच आहे, फादर. त्यांना फिरावयास मिळायला नको का? माझे गुडघे दुखतात हे त्याला ठाऊक आहे." एवढे बोलून ती पुस्तक पिशवीत घालू लागली.

तेव्हा कोठे मला माझीच लाज वाटली. अर्धा तास मी तिला पुस्तक समजावून सांगितले, पण तिला काय हवे हे विचारण्याचे मलाही सुचले नव्हते. मी म्हटले, "मावशी, ते राहू द्या. तुम्हाला स्वतःला तेथे काय पाहावेसे वाटते?" ती गोंधळली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. थोड्या वेळाने संकोचाने म्हणाली, "मघाशी एका पानावर आगगाडीचे चित्र होते. वाफेचे इंजिन वाटले. खरे आहे की खेळण्यातले?"

तिचे यजमान रेल्वेत होते. तरुणपणी लोंढ्याहून कॅसलरॉकच्या दिशेने वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढण्याचे काम त्यांनी केले होते. २०२० च्या मे महिन्यात ते वारले. त्या दिवसांत महामारीमुळे परदेशाची विमाने बंद होती. मुलाला येता आले नाही. मोजक्या माणसांसह दफनविधी मीच केला होता. त्यानंतर आठवड्यातून दोनदा मायलेकरे मोबाइलवर बोलत, पण जेवणखाण, औषधे, नातवंडांची शाळा यापलीकडे बोलणे जात नसे. "ह्यांचा विषय निघाला की तो गप्प होतो, फादर. मग मीही काढत नाही," असे तिने मला पूर्वी एकदा सांगितले होते.

मी पुस्तकात ते पान शोधले. आगगाडी खेळण्यातली नव्हती. तेथील 'मॅजिक किंगडम' या उद्यानाभोवती जी गाडी फिरते, तिची चारही इंजिने अस्सल वाफेची आहेत. अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८ या काळात ती घडविली गेली. पुढे मेक्सिकोतील युकातान प्रांतात त्यांनी कित्येक वर्षे ओझी वाहिली. १९६९ साली तेथून त्यांना आणून नवे रूप देण्यात आले. वॉल्ट डिस्नेला आगगाडीचे विलक्षण वेड होते. पोरवयात त्याने गाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकला होता आणि पुढे घराच्या अंगणात लहानशी चालती गाडीही बांधली होती. उद्यानातील गाडीची फेरी सुमारे दीड मैलाची, वीस मिनिटांची. तीत उंचीची अट नाही आणि धाकट्यालाही मांडीवर घेऊन बसता येते. मुलाच्या पाचही पाकिटांत या गाडीचा उल्लेख नव्हता.

त्या रात्री मी मुलाला पत्र लिहिले. आखणीची मनापासून स्तुती केली, कारण ती खरोखर स्तुत्य होती. मग तीन गोष्टी सुचविल्या. पहिली अशी की, लहान मूल बरोबर असेल तर आईबापांपैकी एकाने मुलाजवळ थांबावे आणि दुसरा परतल्यावर पुन्हा रांग न लावता आत जावे, अशी सोय तेथे आहे. तुझ्याच पुस्तकात ती दिली आहे. तेव्हा प्रत्येक वेळी आजीलाच थांबविण्याचे कारण नाही. दुसरी, आईला आगगाडीत बसावयाचे आहे. तिसरी, रविवारचे पाकीट सकाळी सातपासून भरले आहे, पण त्यात मिस्सा नाही. ओरलँडो येथे पर्यटकांसाठीच बांधलेले विश्वराज्ञी मरियेचे मंदिर आहे. १९७५ साली फादर जोसेफ हार्ट यांनी डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांतून पाहुण्यांसाठी मिस्सा अर्पण करण्यास प्रारंभ केला. त्या सेवेतून १९९३ साली सुमारे दोन हजार माणसे बसतील असे मंदिर उभे राहिले, आणि २००९ साली पोपमहोदयांनी त्याला बॅसिलिकेचा मान दिला. सहलीला आलेल्या माणसालाही देवाच्या घराची ओढ असते, हे ओळखणाऱ्या धर्मगुरूंचे मला कौतुक वाटते.

वडिलांविषयी मी त्या पत्रात एक अक्षरही लिहिले नाही.

मुलाचे उत्तर आले ते दोनच ओळींचे होते. "फादर, आई थकेल एवढाच विचार मी केला. तिला काही हवे असेल, हे डोक्यातच आले नाही."

येथे मुलाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याने आईचे गुडघे ध्यानात ठेवले होते, तिच्यासाठी चाकाच्या खुर्चीचे भाडेही खर्चाच्या तक्त्यात धरले होते. प्रेम होते, विचारणे तेवढे राहिले होते. आणि आईचेही सांगणे राहिले होते. आपल्या घरांतून असेच घडते. कर्तीसवरती माणसे म्हाताऱ्यांची काळजी घेतात आणि त्यांना विचारीत नाहीत. म्हातारी माणसे त्यागाच्या सवयीने गप्प बसतात आणि मग मनातल्या मनात झुरतात. न विचारणे हा एक दोष, तसा न सांगणे हाही दुसरा दोषच आहे.

मार्च २०२४ मध्ये माउली परत आली. मुलाने पाचांपैकी एक पाकीट तिला सोडवून दिले होते, ते तिने मला दाखविले. वरच्या बाजूस जुना कार्यक्रम खोडून मुलाच्या हातचे लिहिले होते: 'सकाळी प्रथम आगगाडी. आई, मी, धाकटा.' आत तिकिटाचा तुकडा वा पावती नव्हती, फक्त स्टेशनावर काढलेले एक छायाचित्र होते. मागच्या बाजूस, आठवणींच्या जागी, तिने स्वतःच्या वळणदार मराठी अक्षरांत तीन ओळी लिहिल्या होत्या: 'गाडीत बसलो. उतरलो नाही, तीन फेऱ्या केल्या. ह्यांच्याविषयी बोललो.'

मी काही विचारले नाही. तीच म्हणाली, "इंजिनाची शिटी वाजली आणि त्यानेच विचारले, 'आई, बाबा शेवटी काय म्हणाले होते?' चार वर्षांनी विचारले, फादर."

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांना त्या दूरदेशी जावयाचे आहे, आणि न गेल्याने कोणाचे काही अडतही नाही. कर्ज काढून तर अशा सहलीस मुळीच जाऊ नये. बुरूज बांधावयाचा असेल त्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे आपल्या प्रभूनेच सांगून ठेवले आहे. परंतु त्या वहीची रीत प्रत्येक घराने उचलावी अशी आहे. मी ती अशी मांडतो.

वहीच्या पहिल्या पानावर खर्च मांडावा आणि त्यात आजारपणासाठी थोडी रक्कम वेगळी धरावी. दुसऱ्या पानावर घरातील प्रत्येक माणसाने आपली एक इच्छा स्वतःच्या हाताने लिहावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी नातवाने लिहावी. 'मला काही नको' हे उत्तर चालणार नाही. मग दिवसाची पाकिटे करावीत. त्यांत रविवार असेल तर मिस्साची वेळ सर्वांआधी लिहावी, बाकीचे तिच्याभोवती बसवावे. दुपारची विश्रांती लिहावी आणि प्रत्येक दिवशी दोन तास मुद्दाम कोरे ठेवावेत, कारण पुष्कळदा मनाजोगते घडते ते या कोऱ्या वेळातच. कोणते मूल कोणाच्या हाती, हे नावानिशी लिहावे आणि मुलाच्या खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. घरी परतल्यावर, तिकिटे फेकून देण्यापूर्वी, पाकिटामागे प्रत्येकाने एक ओळ लिहावी.

ही रीत आम्ही करून पाहिली आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांनी जुन्या गोव्यात घडले, ते २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत. तेव्हा आमच्या येथून दोन बसगाड्या गेल्या. निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला मी एक पाकीट दिले व त्यावर घरातील सर्वांच्या इच्छा लिहून आणावयास सांगितले. एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध गृहस्थाने लिहिले, 'दर्शनानंतर फेरीबोटीने पलीकडे दिवाडीस जाऊन परत यावे.' हे मला कधीच सुचले नसते. दर्शन, मिस्सा व जेवण आटोपल्यावर दोन्ही बसगाड्यांतील मंडळी मांडवी ओलांडून गेली आणि आली. परतताना मुलांच्या तोंडी त्या होडीचीच गोष्ट होती, आणि ते आजोबा आपल्यामुळे हे घडले म्हणून अगदी कृतार्थ दिसत होते.

शेवटी एक गोष्ट मनात येते. पवित्र कुटुंबही दरवर्षी सणासाठी यरुशलेमच्या यात्रेला जात असे. येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर तो मागे राहिला, आणि आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले तरी त्यांना ते कळले नाही. तो बरोबरच्या मंडळींत असेल, असे त्यांनी धरून चालले होते. मरिया आणि योसेफ यांच्यासारख्या मातापित्यांच्या हातून जे घडले, ते आपल्या हातून घडणार नाही असे कसे म्हणावे? एकाच घरात, एकाच गाडीत बसूनही आपले एखादे माणूस मागे राहून गेलेले असू शकते. तो आहेच, ती आहेच, असे आपण धरून चालतो.

म्हणून येत्या सुटीत कोठेही जा, दूर जा वा शेजारच्या गावच्या सणाला जा. निघण्यापूर्वी एक संध्याकाळ सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी आणि ती झाल्यावर वही मध्ये ठेवून बसावे. आरंभ घरातील सर्वांत गप्प माणसापासून करावा.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.